हिमरूची जाहिरात
रॉकेलचा वास आला की मला छापखाना आठवतो. तिथं खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, रॉकेलनं धुवायचे. निजामाच्या अमदानीत औरंगाबादेत एका मराठी साप्ताहिकासाठी मी जाहिराती मिळवायचो. हातमागावर हिमरू, म्हणजे रेशीम-सुताचं नक्षीदार कापड, विणणारे एक म्हातारे चाचा जाहिरातीला नायच म्हणायचे. अख्खा उन्हाळा त्यांच्या मागाच्या खटखटीत बसून, चहा पीत, मी त्यांना राजी केलं. अंक निघाला. चाचांच्या जाहिरातीच्या डोक्यावर संपादकांनी गिरणीच्या कापडाची भलीमोठी जाहिरात बसवली होती: ‘हुबेहूब हिमरू, निम्म्या भावात!’ मी भांडलो. “गिरणी आपल्याला वर्षभर पोसणार आहे,” एवढंच ते म्हणाले. चाचांना मराठी वाचता येत नव्हतं. मी अंक घेऊन गेलो तेव्हा त्यांनी खुशीनं वरच्या मोठ्या अक्षरांवर बोट ठेवलं. “ये हमारा है ना, बेटा? लई मोठं छापलं!” मी नकारार्थी मान हलवली, खालची त्यांची जाहिरात दाखवली आणि वरचीही वाचून दाखवली. त्यांनी बोट हळूच उचललं. “हे लोकांनी वाचलं असंल?” “व्हय चाचा.” पुढं जाहिरातींच्या धंद्यातच माझा जन्म गेला, पण गिरणीच्या त्या जाहिरातीएवढी लागू पडलेली जाहिरात मी पुन्हा पाहिली नाही: वर्षाच्या आत चाचांचा माग बंद पडला.