हमरियाच्या खाडीवरची घोळीची भाजी

मंदीत साईट बंद पडली आणि आखातातल्या हमरियाच्या कामगार कॅम्पात आम्ही तिघे एका खोलीत बसून राहिलो: मी, साताऱ्याकडचा एक गवंडी आणि रत्नागिरीचा एक वेल्डर. गवंड्याचा व्हिसा कॅन्सल झालेला, दुसऱ्या दिवशी त्याचं विमान. महिनाभर तो घोळीच्या भाजीच्या नावानं उसासे टाकत होता. कॅम्पामागच्या खाडीकाठी मला तशीच जाड पानांची वेल पसरलेली दिसली. ओरबाडून आणली, डाळ घालून शिजवली. शाळा चौथीपर्यंतच झाली माझी, पण घोळ मला कुणी शिकवायची गरज नाही.

गवंडी दोनदा वाढून घेऊन जेवला. वेल्डर कामाच्या चौकशीला गेला होता, तो मागून आला आणि पहिल्याच घासाला थांबला.

"काका, मीठ किती घातलंत?"

"घातलंच नाही. कालपासून डबा रिकामा आहे."

"मला वाटलं तूच घातलंस," गवंडी म्हणाला.

"मग खारट कशी?" वेल्डर म्हणाला. "ही घोळ नव्हे. पान लांबट होतं की मण्यासारखं गोल? खाडीवर मण्यांसारख्या पानांचं एक विषारी झुडूप आहे, ते उंटसुद्धा खात नाही, कॅम्पाचा वॉचमन सांगतो."

भाजीचा झालेला लगदा, त्यात पान काय दिसणार? "घोळीसारखं होतं," मी ठणकावून म्हणालो.

गवंड्यानं पोटावर हात ठेवला. "उद्या बायको विमानतळावर येणार हाय रं. मला पेटीतनं धाडतोस का काय?"

मी पायात चपला सरकवल्या. भर उन्हात तिघे खाडीवर गेलो. जमिनीवर मिठाचा पांढरा पापुद्रा. जिचे शेंडे खुडले होते ती वेल मी दाखवली. वेल्डर उकिडवा बसला. लालसर वेल, पेरापेरावर मुळं, लांबट पान, आणि एक इवलंसं गुलाबी फूल.

"घोळीचं पिवळं असतं, काका."

मण्यांचं झुडूप चार हात पलीकडे, कोरड्या वाळूत होतं. त्याची एकही फांदी मोडलेली नव्हती. वेल्डरनं वेलीचं पान चावलं आणि हसला.

"आमच्या खाडीला हीच येते. आई उकळून खारं पाणी फेकते, मग फोडणीला टाकते. काही होत नाही."

मी तिथंच खाली बसलो.

"म्हणजे भाजीच होती," मी म्हणालो.

"होती. पण घोळ नव्हती."

"घोळीची चुलत बहीण असेल," मी अडून राहिलो.

गवंड्यानं बाटलीतलं पाणी घटाघटा पिऊन तोंड पुसलं. "यल्ला, चला आता. पातेल्यात उरलीया न्हवं?"