बेंबळीच्या पुढची लायब्ररी

बारावीत असताना मी घरात सांगून टाकलं की मला डॉक्टरकीची 'नीट' परीक्षा द्यायची नाही. धाराशिवात सायन्सची मुलगी असं बोलली की लोक आधी तिला ताप आहे का ते बघतात. माझ्या वर्गातल्या बऱ्याच मुली लातूरला खोल्या करून क्लास करत होत्या. मला जायचं होतं परराज्यातल्या एका कॉलेजात. तिथं जीवशास्त्र आणि इतिहास सोबत शिकता येतो, मुख्य विषय पुढं कधीतरी ठरवला तरी चालतं. मुलं निवडताना नुसते मार्क बघत नाहीत. निबंध मागवतात, मुलाखत घेतात. हे सगळं मला मोबाइलवरच्या व्हिडिओंतून कळलं होतं.

पप्पा एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक आहेत. कुठल्याही गाडीच्या ड्रायव्हरनं काय बिघडलंय ते सांगितलं, तरी पप्पा आधी स्वतः बॉनेट उघडून बघतात. त्यांनी विचारलं, "मार्क बघत न्हाईत, मग काय बघत्यात? वशिलाच बघत असतील."

"मुलगी कशी विचार करते ते बघतात," मी म्हणाले.

"ते कसं दिसतंय?"

खरं तर तोच संशय माझ्याही मनात होता. तिथं पोचलेली सगळी मुलं व्हिडिओत सारखंच बोलत. प्रत्येकानं कुठं ना कुठं काहीतरी 'सुरू' केलेलं होतं. मी काहीच सुरू केलेलं नव्हतं.

माझा मामा पुण्यात इलेक्ट्रिशियनची कामं करतो. एका सोसायटीतल्या मॅडम मुलांना अशा कॉलेजांची तयारी करून देतात, हे त्याला माहीत होतं. त्यानं त्यांच्याकडं माझा विषय काढला, आणि त्या माझं काम फुकट करायला तयार झाल्या.

"फुकट?" पप्पा म्हणाले. "का?"

"चांगल्या असतील," आई म्हणाली.

"चांगली माणसं चहा पाजत्यात. वर्षभर फुकट शिकवत न्हाईत."

तरी व्हिडिओ कॉल झाला. मॅडम गोड बोलायच्या. त्यांनी माझ्या आवडीनिवडी विचारल्याच नाहीत. त्यांनी विचारलं, "घरून शिक्षणाला विरोध होता का?" मी नाही म्हणाले. "लग्नाचं बघत होते का?" नाही. "जवळच्या नात्यात काही दुःखद घडलंय? शेतीवरून वगैरे?" आमच्याकडं शेतीच नाही, मी सांगितलं. प्रत्येक 'नाही'ला त्यांचा चेहरा थोडा पडायचा, आणि मला उगाच वाटायचं की आपलं काहीतरी चुकतंय, आपल्या घरात काहीतरी वाईट व्हायला हवं होतं.

मग त्यांनी मी पाठवलेला निबंध सुधारून परत पाठवला. त्यात मी डोक्यावर घागर घेऊन मैलोन्‌मैल चालत होते. आमच्याकडं पाणी कित्येक दिवसांनी येतं हे खरं, पण ते नळाला येतं, आणि गच्चीवरच्या टाकीत चढवायला मोटर आहे. मी तसं कळवलं. मॅडमचा निरोप आला, "अगं, भावना खरी आहे ना? मग झालं."

त्याच आठवड्यात फुकटचं कारण कळलं. मॅडमकडं पुण्याची काही मुलं होती. त्यांना 'ग्रामीण भागात काम' दाखवायचं होतं. माझ्या ओळखीनं एखादं गाव, एखादी शाळा, थोडी मुलं जमवून द्यायची, एवढंच त्यांना हवं होतं. नमुना म्हणून त्यांनी मागच्या एका विद्यार्थिनीचे फोटो पाठवले. पिवळ्या भिंतीपुढं रंगीत कपाट, पुस्तकं धरून बसलेली पोरं, मधे पांढऱ्या कुर्त्यातली हसरी मुलगी. खाली गावाचं नाव होतं. आमच्याच तालुक्यातल्या बेंबळीच्या पुढचं गाव.

आई आरोग्यसेविका आहे, आणि ते गाव तिच्याच भागात येतं. मी फोटो दाखवला. तिनं चष्मा लावून तो मोठा करून बघितला.

"शाळा तीच हाय," ती म्हणाली. "ही कडंला बसलेली बारकी पोरगी माझ्याकडं डोस घेतलेली. पण लायब्ररी? मी दर महिन्याला जाते त्या शाळेत. मला तर न्हाय दिसली."

पुढच्या लसीकरणाच्या दिवशी मी आईबरोबर निघाले. बेंबळीपर्यंत एसटी आणि पुढं वडापची जीप. शाळेच्या व्हरांड्यात आईनं तिची पेटी मांडली आणि मी आत जाऊन बाईंना भेटले. लायब्ररीचं नाव काढताच त्यांनी मला खालून वरपर्यंत न्याहाळलं.

"तू पण फोटो काढायला आलीस का?"

"नाही. मी सिस्टरांची मुलगी."

"मग तुला कशाला पाहिजे लायब्ररी?"

मॅडमनी गाव जमवायला सांगितलंय, हे मी खरं ते सांगून टाकलं. बाईंनी उठून ऑफिसातलं एक कपाट उघडलं. रंगीत कपाट तेच होतं. आत पुस्तकं होती, कोरी, जाडजूड, सगळी इंग्रजी. मला वाटलं होतं, पुस्तकं परत नेली असतील किंवा कधी आलीच नसतील. ती तिथं होती, आणि त्यामुळं मला जास्तच विचित्र वाटलं.

"पोरांनी चित्रं बघितली," बाई म्हणाल्या. "मग फाटतील म्हणून मीच कुलूप घातलं. त्या पोरीचा मागं फोन आला होता. लायब्ररी छान चाललीय असं बोलून व्हिडिओ पाठवा म्हणली."

"तुम्ही पाठवला?"

"पाठवला की. तिचं भलं होत असंल तर आपलं काय जातंय?" कपाट लावताना त्या थांबल्या. "पण परत आली न्हाय बघ. मराठी पुस्तकं पाठवते म्हणली होती."

परतताना बेंबळीत बसची वाट बघत असताना आई म्हणाली, "तुला काय करायचं ते तू ठरव. पण त्या गावात मला परत जायचं असतंय."

संध्याकाळी मी मॅडमना फोन केला. गाव जमवून देणार नाही, आणि घागरीचा निबंधही पाठवणार नाही, असं सांगितलं. त्या चिडल्या नाहीत. त्या हसल्या, आणि मला ते जास्त लागलं.

"तुला वाटतं, तुझं साधंसुधं आयुष्य ते वाचतील? त्यांच्याकडं ढिगानं अर्ज येतात. तुझ्यासारख्या मुलीकडून त्यांना काय हवं असतं, ते मला माहितीये."

"काय हवं असतं?"

"रडू आलं पाहिजे."

फोन ठेवल्यावर मला खरंच रडू आलं. कारण त्या खोटं बोलत होत्या अशी माझी खात्री नव्हती.

निबंध मी पुन्हा लिहिला. कोरोनाच्या लसीच्या वेळी मी आईबरोबर मोबाइलवर नोंदणी करायला गावोगाव जायची. बाळंतपणाला जी बाई रात्री-अपरात्री आईलाच बोलावणं धाडायची, ती लस मात्र टाळायची. तोंडावर नको कुणीच म्हणायचं नाही. "उद्या घेतो की सिस्टर," म्हणायचे, आणि उद्या घराला कडी असायची. आईवर इतका विश्वास असलेली माणसं तिच्या हातातल्या सुईवर का ठेवत नाहीत, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात होता. हा जीवशास्त्राचा प्रश्न आहे की इतिहासाचा, हेही मला कळत नव्हतं. म्हणूनच दोन्ही शिकायचं होतं. तेवढंच लिहिलं. इंग्रजी माझ्या कॉलेजच्या सरांनी तपासलं. त्यांनी चुका दुरुस्त केल्या, वाक्यं बदलली नाहीत.

मुलाखत ऑनलाइन होती. मी अभ्यासाला बसायची त्या अभ्यासिकेच्या मालकानं मागची खोली दिली, कारण तिथं रेंज चांगली येते. पडद्यावर दोन प्राध्यापक होते. ओळख झाल्या झाल्या त्यातल्या बाईंनी विचारलं, "हा निबंध लिहायला तुम्हाला कुणी मदत केली?"

माझं डोकं तापलं. वाटलं, म्हणजे धाराशिवच्या मुलीला एवढं सुचणार नाही असं यांना वाटतंय. मी म्हणाले, "आधी एका मॅडमनी केली होती. त्यात मी घागर घेऊन चालत होते. तो मी टाकून दिला. हा माझा आहे. व्याकरण सरांनी तपासलं."

मग दुसऱ्या प्राध्यापकांनी विचारलं, "लोकांचा संशय बरोबर होता, असं तुम्हाला कधी वाटलं का?"

याची तयारी मी केली नव्हती. लसीच्या नोंदणीच्या वेळी भेटलेले एक म्हातारे मला आठवले. ते म्हणाले होते, "आजवर जो जो दारात आला, त्यानं अंगठा न्हायतर फोटो नेला. मागं कुणी काय आणून दिलं न्हाय." मी ते सांगितलं आणि पुढं म्हणाले, "लसीबद्दल ते चुकत होते. दारात येणाऱ्यांबद्दल नाही." प्राध्यापकांनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं. चांगलं की वाईट, ते कळलं नाही.

आधी माझं नाव प्रतीक्षा यादीत होतं. उन्हाळा सरता सरता निवड झाल्याचा मेल आला, शिष्यवृत्तीसकट. मी तो आईला मोठ्यानं वाचून दाखवला. पप्पा म्हणाले, असले मेल कुणीही पाठवतंय. त्यांनी कॉलेजचा नंबर शोधून काढला आणि थेट गेटवर फोन लावला. वॉचमनशी ते त्यांच्या हिंदीत कितीतरी वेळ बोलले. गेट किती वाजता बंद होतं, मुली आजारी पडल्या तर कोण बघतं, जेवणात भाकरी मिळते का. फोन ठेवून म्हणाले, "कॉलेज हाय. माणूस पण बरा वाटला." एवढं झाल्यावरच त्यांनी पेढे आणले.

पहिल्या वर्षी मी खूप घुसमटले. वर्गात कुणी माझं कौतुक केलं की मला वाटायचं, हे माझ्या बोलण्याचं आहे की माझ्या गावाचं? कुठल्या तरी फोटोत मी बसलेय आणि मधे कुणीतरी हसतंय, असं वाटत राहायचं.

दुसऱ्या वर्षी मुलाखतीतल्या त्या बाईच आम्हाला इतिहास शिकवायला आल्या. एकदा तासानंतर धीर करून मी विचारलं, "तुम्ही मला का घेतलं होतं?"

त्यांनी आठवायचा प्रयत्न केला. मग प्रामाणिकपणे म्हणाल्या, "खरं सांगू? मला आठवत नाही. त्या दिवसांत आम्ही फार मुलांशी बोलतो."

मग त्यांनी माझ्या पेपरातली एक तारीख चुकल्याचं दाखवलं, कुठलं पुस्तक बघायचं ते सांगितलं आणि त्या पुढच्या तासाला निघून गेल्या. ती चूक माझी होती, माझ्या गावाची नव्हती. मी तिथंच पायरीवर बसून तारीख दुरुस्त केली.