वरच्या खोलीतला बिननावाचा लेखक

पहिलं वाक्य जमलं तर जगात काहीही खपवता येतं, यावर एवढी गाढ श्रद्धा असलेला माणूस अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात दुसरा नसेल. जिल्हा मी तपासलेला नाही, पण आमच्या गावापुरती खात्री देतो, कारण हे गृहस्थ माझ्याच घराच्या वरच्या खोलीत भाड्याने राहतात. घरात आम्ही त्यांना नुसतं 'वरचे' म्हणतो. वय पंचेचाळिशीच्या आसपास, लग्न केलेलं नाही, आणि धंदा असा की खोली देताना त्यांनी तो मला पुन्हापुन्हा समजावला आणि मी दरवेळी समजल्यासारखी मान डोलावली. कंपन्यांसाठी इंटरनेटवर लेख लिहायचे, पण ती जाहिरात आहे असं वाचणाऱ्याला वाटू द्यायचं नाही, असा तो धंदा. "भाऊ, आधी लोकायले ज्ञान द्याचं," ते म्हणाले, "माल तं मंग आपोआप जाते." मी धान खरेदीच्या काट्यावर काम करणारा माणूस. माझ्या पाहण्यात कुठलाही माल आपोआप गेलेला नाही. हमालांनी उचलल्यावरच गेला आहे.

ही विद्या ते कुठल्या कॉलेजात शिकले नाहीत. मोबाइलवरच्या फुकट व्हिडिओंवरून शिकले, आणि रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ येत असल्यामुळे बरीचशी उभ्यानेच शिकले. त्यांची हत्यारं म्हणजे मागे वीट लावल्याशिवाय ज्याची पाटी उभी राहत नाही असा जुना लॅपटॉप, कानात घालायची एकच चालू बाजू असलेली तार, आणि लोक इंटरनेटवर काय काय शोधतात हे दाखवणारी एक सोय, जी ते दुसरे लोक पेपर उघडतात तशी सकाळी उघडतात. "वहिनी, आज लोक पोटातल्या गॅसावर लई शोधून राहिले," असं जिन्यावरूनच सांगतात, आणि माझी बायको हातातली हरभऱ्याची डाळ बाजूला ठेवून मुगाची काढते. अलीकडे आपणहून लिहिणारं यंत्रही ते वापरतात, पण त्यावर त्यांचा भरवसा नाही. "त्याचं लिव्हलेलं मी तांदूळ निवडल्यासारखं निवडतो. खडे लई असते." ज्यावर लिहायचं ती वस्तू जवळ असायलाच पाहिजे, असा त्यांचा आग्रह नसतो. चटईवर झोपून त्यांनी गाद्यांवर लिहिलं आहे, बाळाच्या पहिल्या दातावर लिहिलं आहे, आणि ज्या देशात बर्फ पडतो तिथल्या माणसाने गाडीची काच कशी साफ करावी हेही लिहिलं आहे, तेही आमच्या मे महिन्यात, ओला टॉवेल डोक्यावर घेऊन. कुठल्याच लेखावर त्यांचं नाव नसतं. ते कंपनीचं असतं.

विद्या गावाच्या कामी यावी, असं त्यांना फार वाटतं. तळ्याच्या बांधावर मासोळ्या विकणारी एक मावशी आहे. तिच्यासाठी त्यांनी एक फळा रंगवून दिला: 'ताजी मासोळी ओळखण्याच्या पाच खुणा'. ज्ञान दिलं, आता माल जाईल, म्हणून ते शेजारच्या दगडावर बसून राहिले. लोक आले, फळा नीट वाचला, आणि मग प्रत्येकाने प्रत्येक मासोळीचे कल्ले उघडून पाहिले, डोळे पाहिले, अंग दाबून पाहिलं. दुपारपर्यंत ताज्या मासोळ्यासुद्धा दाबून दाबून शिळ्या दिसायला लागल्या. "बाबू," मावशी म्हणाली, "तूनं लोकायले डाक्टर बनवलास. पाहून समदे राहिले, घेऊन कोनी नाई राहिला. घेऊन जा तुहा फळा." फळा आता आमच्या जिन्याखाली आहे. त्यातल्या पाचही खुणा बरोबर आहेत, एवढं मी सांगू शकतो.

दुसरी सवय चाचणीची. एकच मजकूर दोन तऱ्हांनी लिहायचा, अर्ध्या लोकांना एक आणि अर्ध्यांना दुसरा पाठवायचा, आणि जो जास्त चालेल तो खरा. दिवाळीला त्यांनी मला कोरडी शुभेच्छा पाठवली आणि बायकोला दिव्यांची, रांगोळीची. मग खाली येऊन विचारलं, "शेवटपर्यंत कोनी वाचलं?" मी म्हटलं, दोन माणसांवरून निष्कर्ष काढता येत नाही, आणखी किती जणांना पाठवलीत? ते म्हणाले, "तुमाले दोघायलेच." दिवसभर 'प्रिय वाचकहो' म्हणत असंख्य लोकांशी बोलणारा हा माणूस, त्याच्या फोनवर मात्र 'थोडं छोटं करा' सांगणारे कंपनीवाले सोडले तर कुणी येत नाही, हे मला त्या दिवशी समजलं.

पूर्वी एकीचा फोन येत असे. त्यांची थोरली बहीण. आई लवकर गेल्यावर तिनेच यांना वाढवलं, लोकांच्या धानाच्या बांध्यांत रोवणी करून शिकवलं. तिचं गाव डोंगराकडचं, लहान स्टेशनाचं. नाव लिहीत नाही, आणि तिचं दुखणं काय तेही नाही, कारण तशी परवानगी नाही. त्या दुखण्यावरच्या तेलाचं काम यांच्याकडे आलं. गोष्ट सांगा, खरी सांगा, असं त्यांच्या विद्येत शिकवतात. यांनी बहिणीची गोष्ट लिहिली, वर तिचा फोटो लावला. आजवरचं त्यांचं सगळ्यांत चांगलं लिखाण तेच. मी वाचताना मधे थांबलो होतो. ते इतकं पसरलं की एका लग्नात मांडवातल्या बायकांनी तिच्याभोवती कोंडाळं करून विचारलं, "काहो बाई, तेलानं आराम पडला का?" तिने ते तेल पाहिलंही नव्हतं. तिने यांना एकदाच फोन केला. "माह्या दुखन्यावर तेल इकलास तू," म्हणाली आणि ठेवला. यांनी हातापाया पडून कंपनीकडून तो लेख काढवला आणि त्या कंपनीचं काम सोडलं. पण तोवर तो घरोघरच्या मोबाइलात गेला होता. वाऱ्यावर गेलेला कोंडा पोत्यात परत भरता येत नाही, हे काट्यावरच्या माणसाला सांगावं लागत नाही.

नंतर बरेच महिने ते बहिणीला एक निरोप लिहीत होते. शेवटी एका रविवारी दोन मजकूर घेऊन खाली आले आणि माझ्यासमोर ठेवले. एकात आईची आठवण आधी होती, दुसऱ्यात माफी आधी होती. दोन्ही चांगले होते. फारच चांगले होते.

"कोनता चालन, भाऊ?"

"चाचणी कशी घेणार?" मी म्हटलं. "वाचणारी एकच आहे."

त्यांनी दोन्ही कागद उचलले, पुन्हा ठेवले. बायको आतून शेंगा निवडत ऐकत होती. "तिकडं गाडी नाई जात का?" तिने विचारलं.

"जाते ना, वहिनी. गोंदियाले बदलावं लागते."

"मंग कायले लिव्हून राहिले? जा ना."

"जाऊन काय म्हनू पन?"

"जे तोंडातून निंगन ते."

ते गेले. परत आले तेव्हा चेहऱ्यावरून काही कळेना. बहिणीने ओसरीत खुर्ची टाकली, पाहुण्यांच्या कपबशीत चहा दिला, धानाचं विचारलं, पावसाचं विचारलं. ज्या घरात हा माणूस सरळ चुलीपाशी जाऊन टोपल्यातली भाकर घ्यायचा, तिथे त्याने खुर्चीवर बसून चहा घेतला आणि गाडीची वेळ झाली म्हणून उठला. पुढच्या महिन्यात पुन्हा गेले. पुन्हा खुर्ची. त्यानंतरही खुर्ची. दरवेळी खाली येऊन सांगत, "खुर्चीच होती, भाऊ," आणि वर जात. आम्हीही मग विचारणं सोडलं.

गेल्या रविवारी आले ते पायरीवरच बसले. बायकोने पाणी दिलं.

"आज खुर्ची नाई टाकली तिनं," ते म्हणाले. "मी ओसरीत उभाच होतो लई वेळ."

"मंग?" बायको म्हणाली.

त्यांनी पाणी संपवलं, पेला धुऊन पालथा घातला. कुठल्याही गोष्टीला सुरुवात, मध्य आणि शेवट पाहिजेच, असं मला कित्येकदा ऐकवलेला हा माणूस. मी वाट पाहिली.

"मंग काई नाई, वहिनी," ते म्हणाले आणि चपला हातात घेऊन वर गेले. बायकोला फार राग आला. मी तिला म्हटलं, राहू दे, बहिणीची गोष्ट त्यांनी एकदा जगाला सांगून पाहिली आहे, हे त्यांच्या घरातलं आहे.