सासऱ्यांच्या गाडीला लावलेला काटा

दोन वर्षांपूर्वी माझ्या हातून सासऱ्यांच्या जुन्या मोटारसायकलचं इंजिन जाम झालं. लातूरजवळच्या मुरुडहून ती नांदेडला माझ्या घरी नेत होतो. "ऑइल बघून निघा," असं ते म्हणाले होते. मी "बघितलं" म्हणालो, बघितलं नव्हतं. लोह्याच्या अलीकडे गाडी एकदा किंचाळली आणि थांबली. नांदेडमार्गे अर्धापूरला परत निघालेल्या केळीच्या रिकाम्या टेम्पोत घालून ती नांदेडला आणली आणि सासऱ्यांना फोन केला, "ऑइल पूर्ण होतं. मिस्त्रीनं काहीतरी चुकीचं बसवलं असेल."

मिस्त्री म्हणजे मुरुडचे चाचा, ही गाडी कायम तेच दुरुस्त करायचे. सासऱ्यांचं घराला लागून असलेलं किराणा दुकान आणि चाचांचं गॅरेज समोरासमोर, दोघांची तीस वर्षांची दोस्ती. त्या फोननंतर सासरे त्यांच्याशी बोलेनासे झाले. इंजिन नांदेडात दुरुस्त झालं, गाडी मुरुडला परत गेली. दोस्ती तशीच मोडून पडली.

मला हे खात होतं. कबूल करायचं धाडस नव्हतं, म्हणून मी ऑइलचा दाब दाखवणारा काटा विकत घेतला आणि यंदाच्या दिवाळीत सासुरवाडीच्या अंगणात स्वतःच बसवायला घेतला. इंजिनाचा एक बोल्ट काढून तिथे पोकळ बोल्ट घालायचा आणि त्यातून नळी हँडलवरच्या काट्यापर्यंत न्यायची. गळू नये म्हणून बोल्टच्या आट्यांवर प्लंबरची पांढरी टेप. नळाला चार वेढे पुरतात. मी अपराधी माणूस, चौदा दिले.

काम झाल्यावर सासरे आंघोळ करून आले. आम्ही लिंगायत, नवी वस्तू विभूती लावल्याशिवाय वापरात येत नाही. त्यांनी काट्याच्या काचेवरच तीन जाड पट्टे ओढले. मी गाडी सुरू केली. काटा कुणालाच दिसेना आणि विभूती पुसायचं माझ्या जिवावर आलं. शेवटी मान वाकडी करून दुसऱ्या आणि तिसऱ्या पट्ट्याच्या मधून पाहिलं. काटा शून्यावर, म्हणजे ऑइलला दाबच नाही. मी घाईनं गाडी बंद केली.

सासरे पायरीवर बसले. "गेलं का वो पुन्हा इंजिन? त्या मिस्त्रीनं मुळातच घाण करून ठिवलीय."

मला राहवेना. मी समोर जाऊन चाचांना घेऊन आलो. त्यांनी सासऱ्यांकडे बघितलं नाही. पोकळ बोल्ट खोलला आणि त्याच्या भोकात अडकलेला टेपचा बोळा दाभणानं ओढून काढला.

"दामादजी, कायकू इत्ती पट्टी? जखम बांधली का इंजिनाची?"

टेप काढून बोल्ट परत बसवल्यावर गाडी सुरू केली. काटा विभूतीच्या आडून हळूहळू वर चढला. सासऱ्यांनी हात जोडले आणि मग लिंबाच्या झाडाकडे बघत म्हणाले, "हे तवाच बसवलं आसतं तर कुणाची चूक ते कळलं आसतं."

"माझी," मी म्हणालो. "ऑइल मी बघितलंच नव्हतं. खोटं बोललो."

सासरे लालबुंद झाले. जावयाला, त्यातून दिवाळीला आलेल्या जावयाला, बोलायचं कसं? मग ते चाचांवरच ओरडले, "तू तवाच का न्हाई सांगितलास?"

"सांगितलो की अप्पा! बोललो, ऑइलबिगर चालवली आसंल. तुम्हीच म्हणले, आमचे जावई झूट बोलत न्हाईत."



"मला शिव्या द्या," मी सासऱ्यांना म्हणालो. मनापासून म्हणालो.

"जावयाला? सणाला?" त्यांनी मान हलवली. बराच विचार करून ते चाचांकडे वळले. "मिस्त्री, माझ्याच्यानं व्हायचं न्हाई. तू दे."

चाचांनी फडक्याला हात पुसले आणि सुरुवात केली. दखनीत दिल्या, मराठीत दिल्या. प्रत्येक शिवीला सासरे "हाव" म्हणत होते. एकदा चाचा दम घ्यायला थांबले, तर सासऱ्यांनी आठवण करून दिली, "आन् त्यो फोन राह्यला."

मी मान खाली घालून उभा होतो. दोन वर्षांत इतकं हलकं वाटलं नव्हतं.

आतून सासूबाईंनी विचारलं, "चहा किती टाकू?"

चाचांना शेजारी पायरीवर जागा करून देत सासरे म्हणाले, "दोनच."