भोपाळची मॅडम आणि माझा घसा

छत्तीसगड वेगळं झालं, रायपूर राजधानी झालं आणि आमच्या ह्यांच्या ऑफिसात भोपाळहून एक बाई बदलून आली. सगळे तिला दीदी म्हणत, आमचे हे तेवढे मॅडम म्हणत. ती माझ्या डोळ्यांत खुपायला एवढं पुरे होतं.

संध्याकाळी बूढापारा मोहल्ल्यातल्या आमच्या घरी चहाबरोबर मॅडमपुराण सुरू व्हायचं. मॅडम डब्यात काय आणतात, मॅडम फाईल कशी झटकन काढतात. अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. आणि मी जवळ जाऊन बसले की हे तोंड फिरवत. स्कूटरवर मागून कानाशी काही बोलायला गेले, तर मान पुढे घेत. हा माणूस हातचा गेला, असं मी ठरवूनच टाकलं.

नवरा ताळ्यावर यायला आमच्याकडे एकच औषध, सोमवार धरायचे. मी धरले, तेही पाण्याचा थेंब न घेता. दुपारपासून घसा कोरडा पडे, तोंडाला घाणेरडी चव येई, गिळताना मागे काहीतरी टोचे. व्रत फळाला येतंय असं वाटून मी आणखी कडक केलं. हे आणखी लांब बसू लागले.

एका सकाळी खोकताना तोंडातून पांढरा दाणा पडला. भाताचं शीत असेल म्हणून बोटानं चिरडला, तर असा वास सुटला की माझं मलाच मळमळलं. घाबरून ह्यांना हाक मारली.

"भिऊ नको अवं," हे दारातूनच म्हणाले. "टॉन्सिलच्या खाचांत अन्नाचे कण अडकून असे खडे बनतात. मिठाच्या कोमट पाण्यानं गुळण्या कर, पाणी पीत जा. पिनेनं खोदू नको, रक्त येईन. डॉक्टरले दाखवून येऊ."

ज्यांना घरात थर्मामीटर कुठे असतो ते ठाऊक नाही, ते हे बोलत होते!

"तुम्हाले कोणी सांगितलं?"

"मॅडमनं. त्याइलेही होत होतं."

"म्हणजे माह्या तोंडाले वास येते, हे तुम्ही तिले सांगितलं? मले काहून नाही?"

"तुले वाईट वाटलं असतं."

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं, वर कोरडे उपास बंद करायला लावले. गुळण्यांनी महिन्याभरात घसा साफ झाला. हे पुन्हा जवळ बसू लागले, आणि त्यांचं बाहेर काही नव्हतं हेही मला पटलं. तरी माझी जळजळ काही गेली नाही. डबे उघडून दोघं समोरासमोर बसलीत आणि माझ्या तोंडाच्या वासावर काळजीनं बोलताहेत, हेच डोळ्यांपुढे येतं. प्रेमाचं काही बोलली असती, तर निदान भांडता तरी आलं असतं.