छपरावरचा बर्फ

अबुधाबीतला जानेवारी म्हणजे आम्हाला स्वेटर मिरवायची संधी. "मस्त थंडी आहे ना?" असं मी त्या सकाळी टॅक्सीवाल्या पठाणाला हिंदीत म्हणाले, पण त्याचं लक्ष बाहेर होतं. प्रत्येक फोनबूथपाशी त्याची गाडी हळू व्हायची.

"बाजी, दो मिनट?" शेवटी एका बूथपाशी थांबून, मला ताई म्हणत, त्याने विचारलं. डोंगरातल्या त्याच्या गावी आठ दिवस बर्फ पडत होता. छपरावरचा बर्फ वेळेत ओढला नाही तर घरच खाली बसतं, आणि घरात पुरुष एकच, सत्तरीचे वडील.

मीही उतरून बूथपाशी उभी राहिले. फोन लागला. अब्बा छपरावरच आहेत, असं बायकोने सांगितलं. "उतारो उनको!" तो ओरडला. ती हाक मारायला गेली. रिसीव्हर कानाशी दाबून तो उभा राहिला.

"कुछ गिरा," तो पुटपुटला, आणि त्याचं फोनकार्ड संपलं.

मी पर्समधलं माझं कार्ड दिलं. घाईत त्याचा नंबर दोनदा चुकला. तिसऱ्यांदा वडीलच बोलले. पडला होता तो नुसता छपरावरचा बर्फ.

गाडी सुरू करताना त्याने वडिलांचं बोलणं सांगितलं.

"आधा छत बाकी है. मैंने कहा, अब मत चढो. बोले, तो फिर तू आ जा."