बोनस राउंड आणि फुटलेला हिरवा खडा

गेल्या आठवड्यात मंगळवारी दुपारी माझ्या हातून एक हिरवा खडा फुटला. फुटला हे एकवेळ ठीक... पण तो मी दुसऱ्याच्या नावावर खपवला. ते काही केल्या मनातून जात नाही, म्हणून लिहितोय.

कोल्हापुरात गुजरीजवळच्या, म्हणजे सराफ बाजाराजवळच्या, एका बोळात माझं दागिने दुरुस्तीचं छोटंसं दुकान आहे. कडी जोडणं, खडा बसवणं, आजोबांपासून हेच काम. दिवसभर खऱ्या खड्यांत हात असलेल्या माणसाला मोबाईलवर खोटे खडे फिरवायचा नाद लागावा... बायको म्हणायचीसुद्धा, "दुकानातनं येताय आणि परत दुकानच उघडून बसताय की!"

त्या गेममध्ये माणिक, पाचू, नीलम, हिरे भराभर फिरतात आणि टणटण आवाज करत थांबतात. खजिन्याच्या तीन पेट्या एकदम आल्या की बोनस सुरू. दहा स्पिन फुकट, प्रत्येक स्पिनला गुणाकार वाढत जातो, आणि शेवटी चार पेट्यांतली एक आपण उघडायची. तीही दहा सेकंदांत, नाहीतर जमलेलं सगळं गेलं.

पैसे लावायचे नसतात, नुसती गेममधली नाणी. त्यामुळे मी बिनधास्त होतो. यात कुणाचं काय जातंय, असं वाटायचं.

तर सोमवारी कोडोलीच्या एक मावशी त्यांचा साज देऊन गेल्या होत्या. साज त्यांच्या सासूबाईंचा. पुढच्या महिन्यात मुलाचं लग्न, आणि नव्या सुनेच्या गळ्यात तोच घालायचा असं घरात ठरलेलं. त्यात ओवलेल्या पानांपैकी हिरव्या खड्याच्या पानाची कडी तेवढी सुटली होती.

काम अर्ध्या तासाचं. पण कडीला ज्योत लावायच्या आधी पानातला खडा काढायचा, त्याला धरून ठेवणारी खालची लाख काढायची आणि खडा वाटीत ठेवायचा. वडिलांनी मला पहिल्या दिवशी शिकवलेली ही गोष्ट. मी पान साजातून सोडवलं, चिमटा हातात घेतला... आणि समोर टेकवून ठेवलेल्या मोबाईलवर तिसरी पेटी येऊन थांबली.

बोनस! इतका मोठा गुणाकार याआधी कधी लागला नव्हता. एक डोळा तिकडे, एक इकडे. खडा काढलाय असं मी धरूनच चाललो आणि ज्योत पेटवली. डाव्या हाताने पेटी निवडत होतो, तेवढ्यात उजवीकडे लाख खदखदली आणि कट्ट असा आवाज आला.

खड्याचे तीन तुकडे झाले होते. स्क्रीनवर मात्र नाण्यांचा पाऊस पडत होता.

तसा खडा म्हणजे जुनी काच. मी त्याच मापाचा नवा, त्याहून चकचकीत खडा बसवला. कुणाला कळणार आहे?

बुधवारी मावशी आल्या, साज हातात घेतला आणि लगेच म्हणाल्या, "ह्यो न्हवं की आमचा. आमच्या खड्यात बारका बुडबुडा हुता."

तिथे खरं बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "जुना खडा मावशी, आधीच तडा गेलेला. हात लावल्यावर निघाला." किती सहज निघालं तोंडातून...

मावशींचा चेहरा उतरला. "मग माझ्याच हातनं झालं असंल. मागं मोरीत पडलाता माझ्या हातनं." वर मलाच म्हणाल्या, "तुमास्नी उगं तरास झाला बघा." आणि मी हो म्हणून मान हलवली. अक्षरशः मान हलवली!

रविवारी त्यांचा फोन आला. तुकडे ठेवलेत का, म्हणून विचारत होत्या. त्यांनी घरी सरळ सांगून टाकलं होतं, खडा आपल्याच हातून गेला म्हणून. तेव्हापासून सासूबाई त्यांच्याशी बोलत नव्हत्या. निदान तुकडे तरी दाखव, एवढंच बोलल्या होत्या, तेही नातवाकडून निरोप पाठवून.

तुकडे ड्रॉवरमध्येच होते. कागदात बांधले आणि गाडी काढली. वाटभर ठरवत होतो काय सांगायचं, पण दारात उभा राहिल्यावर सगळं विसरलो. जे झालं ते सांगून टाकलं. गेम, पेट्या, ज्योत आणि माझं खोटं... सगळं.

मावशी खांबाला धरून उभ्या होत्या. त्यांच्या सासूबाई, म्हणजे आज्जी, कॉटवर बसून ऐकत होत्या. त्यांनी विचारलं, "त्यात खरं खडं मिळत्यात व्हय?"

"न्हाय, आज्जी."

"मग काय मिळतंय?"

मी खिशातला कागद उलगडून पुढे केला. आज्जींनी तुकडे तळहातावर घेतले, बोटाने इकडेतिकडे केले. मग सुनेकडे न बघताच म्हणाल्या, "सुमन, पावण्यास्नी च्या टाक."

चार दिवसांत सुनेशी बोललेला तो पहिला शब्द. मावशी पदर डोळ्याला लावत आत गेल्या. त्या आत गेल्यावर आज्जी माझ्याकडे वळल्या.

"खडा काय, तू दुसरा बसीवलास. पण चार दिस ही पोर माझ्याम्होरं चोरावाणी वावरली. कायबी केलं नसताना. ती चार दिस कुठनं आणून देणार हाईस?"

चहा घेतला आणि उठलो. निघताना मावशींनी वर माझीच समजूत घातली, "हुतंय की, मनाला लावून घिऊ नका." त्यांचं हे ऋण आहे माझ्यावर.

गेम काढून टाकलाय. त्याचं कौतुक नको, ते दोन सेकंदांचं काम होतं. आज्जींच्या त्या चार दिवसांच्या प्रश्नाला मात्र माझ्याकडे अजून उत्तर नाही... आणि ते मिळेल असं वाटतही नाही.